शिरोलीच्या जागेत जमिनीखाली तीन टाक्या आहेत, भंगारवाला उद्या कापायला येतो म्हणतोय

शेडवाला_शिरोली (१८ मार्च)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज यायचा नाही.

पुलाच्या शिरोलीत हायवेलगत आमची साडेअठरा गुंठे जागा आहे. एनए, स्वतःची, एमआयडीसीची नव्हे. वडिलांनी १९८४ साली तिथं ट्रान्सपोर्ट चालू केला. इथल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग भरायचं आणि पुण्या-मुंबईला टाकायचं. बारा गाड्या झाल्या तेव्हा स्वतःच्या गाड्यांपुरता डिझेल पंप घातला, जमिनीखाली १० हजार लिटरच्या दोन टाक्या. मागच्या शेडमध्ये एका भाडेकरूची हीट ट्रीटमेंटची भट्टी होती, तिच्यासाठी फर्नेस ऑइलची, म्हणजे भट्टीत जाळायच्या जाड तेलाची, तिसरी टाकी. २००१ ला ट्रान्सपोर्ट बंद पडला. पंपाचं मशीन विकलं, मॅनहोलवर माती ओढली, वर शहाबादी फरशी टाकली आणि विषय संपला. वडील आता नाहीत, त्यामुळे विचारायलाही कोणी नाही.

२०१९ च्या पुरात आमच्या शेडमध्ये छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर बघतो तर फरशीला पोट आलेलं. एका टाकीच्या जागी जमीन वीतभर वर उचलली होती. पूर म्हटल्यावर काय काय होतं, असं म्हणून फरशी सारखी करून घेतली.

आता जागा विकायला काढली आहे. गिऱ्हाईकाच्या आर्किटेक्टनं भिंतीला लागून उभे असलेले दोन पाइप बघितले आणि विचारलं, "हे व्हेंट कशाचे?" व्हेंट म्हणजे टाकीची हवा-वाफ बाहेर सोडणारे पाइप. तिथून व्यवहार अडकला. गिऱ्हाईक म्हणतो, टाक्या काढा आणि जमीन स्वच्छ असल्याचा कागद द्या. भंगारवाला म्हणतो, "पंचाहत्तर हजार देतो, जेसीबी माझा, उद्या सकाळी गॅस कटर घेऊन येतो, दुपारपर्यंत मोकळं." वर म्हणतो, चोवीस-पंचवीस वर्षं रिकाम्या टाक्या आहेत, आत काय असणार, आणि डिझेल काडीनं पेटत नाही.

माझे प्रश्न दोन. त्याला येऊ द्यावं का? आणि जागा विकल्यावर पुढं काही निघालं तर ते माझ्या गळ्यात येतं का? वडिलांच्या फायलीत एक्स्प्लोझिव्ह खात्याचं जुनं लायसन्स आणि टाक्यांचा नकाशा आहे. शेवटचं रिन्यूअल १९९९ चं.

मुरूम_टाका (१८ मार्च)

भावा, एवढा कशाला विचार करतोस? मॅनहोल उघड, दोन डंपर मुरूम ओत, वर काँक्रीट मार. आमच्या गल्लीत एकानं असंच केलंय, वर आता हॉटेल चालतंय. जमिनीखाली कोण बघायला येतंय.

डिपरॉड (१८ मार्च, रात्री)

शेडवाले, आधी भंगारवाल्याला फोन करून उद्या येऊ नको म्हणून सांगा. मग पुढचं वाचा.

पंपांच्या मेंटेनन्समध्ये माझी ३१ वर्षं गेली, सातारा ते निपाणी. टाक्या बसवल्या, उचलल्या, तरुणपणी अक्कल नव्हती तेव्हा आत उतरलोही. उद्यमनगरात आमच्या गाळ्याशेजारी एक पोरगा डिझेलच्या रिकाम्या बॅरलला पाय वेल्ड करत होता. स्टँड करायचा होता त्याला. बॅरल चार महिने उन्हात उघडं पडलेलं, वाससुद्धा येत नव्हता. दोन टाके मारले आणि बॅरलचा बूड निघून पत्र्याच्या छपरातून वर गेला. पोरगा जगला, एक डोळा गेला. ते बॅरल २०० लिटरचं होतं. तुमची एकेक टाकी तसली पन्नास बॅरलं आहे.

काडी टाकल्यावर डिझेल विझवतं, हे भंगारवाला खरं सांगतोय, पण ते गार डिझेल. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते ते, किमान ३५ अंश धरलेला असतो. कटरची ज्योत पत्र्याला लावली की तो भाग काही सेकंदांत कित्येक शे अंशांवर जातो. टाकीच्या आतून गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि प्रत्येक पापुद्र्यामागं तेल धरून बसलेलं असतं. वीस वर्षं असो की चाळीस, ते तिथून हलत नाही. तापलं की वाफ, वाफेत हवा मिसळली की झालं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला मी जास्त भितो, कारण हवेला जागा रिकाम्या टाकीतच असते. आणि त्या टाक्यांत कधी पेट्रोल होतं का, हेही तुम्हाला माहीत नाही. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यानं खड्ड्यात साचून राहते.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम डिप, म्हणजे टाकीत रॉड सोडून आत किती तेल-पाणी आहे ते मोजणं. फरशी काढा, पण हातानं. ब्रेकर लावू नका. डिप पाइपचं टोपण सापडेल. पितळी डिप रॉड घ्या, टोकाला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावा आणि तळापर्यंत सोडा. पेस्ट जिथपर्यंत रंग बदलते तिथपर्यंत पाणी, त्याच्या वर ओलं दिसेल ते तेल. तुमच्याकडं २०१९ चा पूर आत शिरला असणार, म्हणून मला वाटतं पाणी निघेल. टाकीचा डिप चार्ट फायलीत असेल तर उत्तम, किती लिटर आहे ते लगेच कळतं. नसला तर नकाशावरच्या मापांवरून काढता येतं.

दुसरं, आतलं सगळं उपसून काढणं. तेल, तेलाचं पाणी, गाळ. हे घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात तेलाच्या टाक्या साफ करताना निघणारा गाळ आणि धुण्याचं पाणी नावानिशी लिहिलंय. ते गटारात नाही सोडायचं, शेतात नाही टाकायचं, आणि गुऱ्हाळाच्या चुलीला जाळायला मागायला येतील त्यांनाही नाही द्यायचं. हो, येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी कळवा, मंडळाची परवानगी असलेलाच ट्रान्सपोर्टर घ्या, माल रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात किंवा अधिकृत रिसायकलरकडं जाऊ द्या. गाडीबरोबर मॅनिफेस्ट असतो, म्हणजे माल कुठून कुठं चालला त्याचा कागद, फॉर्म १०. त्याची तुमची प्रत आणि माल पोचल्याची प्रत आयुष्यभर जपा.

तिसरं, वाफ काढणं. काही जण टाकी पाण्यानं काठोकाठ भरतात. वाफ जाते, पण मग १० हजार लिटर तेलकट पाणी कुठं टाकणार? ड्राय आइसची, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडची, पद्धत आहे, हजार लिटरला साधारण दोन किलो, म्हणजे तुमच्या एका टाकीला वीसेक किलो. तुकडे करून टाकायचा, व्हेंट उघडा ठेवायचा. त्याचा वायू जड असतो, खालून भरत जातो आणि आतली हवा-वाफ वर ढकलतो. पण त्यानं वाफेचा उगम मरत नाही, तासाभरानं परत मोजावंच लागतं. आणि इथं मोठे मोठे चुकतात. नेहमीचं गॅस मीटर ऑक्सिजनशिवाय चालत नाही. ड्राय आइस टाकलेल्या टाकीत ऑक्सिजनच नसतो, मग मीटर शून्य दाखवतं आणि माणूस म्हणतो, टाकी गॅस फ्री झाली, आत पेटणारी वाफ राहिली नाही. म्हणून ऑक्सिजन आधी मोजायचा, मग स्फोटक वाफ, मग विषारी वायू. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. गॅस फ्रीचा दाखला सक्षम व्यक्तीच देते, तुम्ही-आम्ही नाही, आणि त्याच्यावर तारीख आणि वेळ लागते. सकाळचा दाखला दुपारच्या जेवणानंतर रद्दी.

माणूस आत उतरवू नका. तळाला तेल आणि पाणी वर्षानुवर्षं एकत्र कुजलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच मरतं आणि वास गेला असं वाटतं. एक पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो. फर्नेस ऑइलच्या टाकीचा गाळ बाहेरूनच व्हॅक्यूमनं ओढा. तो डांबरासारखा घट्ट असतो, वेळ लागेल. लागू दे.

चौथं, उचलणं. व्हेंट सोडून सगळे पाइप सुटे करा, आतलं तेल बादलीत घ्या, तोंडं बंद करा. जेसीबीनं वरची माती काढा, पण टाकी हायड्रा क्रेननं उचला, टाकीच्या कड्यांना साखळी लावून. जेसीबीचा दात टाकीला लागता कामा नये. बाहेर आल्यावर पुन्हा मोजा, मग कापा. आणि भंगाराला देण्याआधी दोन्ही बाजूंना मोठी भोकं पाडून घ्या, गॅस कटरनं नव्हे, कोल्ड कटिंगनं, म्हणजे ज्योत-ठिणगी न होता. नाहीतर ती टाकी कुणाच्या तरी मळ्यात पिण्याच्या पाण्याला जाऊन बसते. मी स्वतः बघितलीय, वडगावच्या बाजूला.

फरशीला पोट आलं म्हणालात त्याचं गणितही सांगतो. १० हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली की १० टन वर रेटते. पत्र्याचं वजन दीड टनाच्या आत. वरची तीन फूट माती कोरडी असताना भारी वाटते, पण पाण्याखाली तिचं वजन निम्म्यावर येतं. खाली काँक्रीटच्या राफ्टला, म्हणजे सपाट पायाला, पट्टे बांधले नसतील तर टाकी तरंगणारच. तुमची तरंगली. टाकी वीतभर हलली म्हणजे तिला जोडलेला पाइप कुठंतरी तुटला किंवा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, सुटला. तिथली माती बघावीच लागेल.

आणखी एक. तळाला गळती शोधताना डिप पाइपच्या बरोब्बर खाली बघा. वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ रॉड त्याच एका ठिकाणी आपटतो. शहाणा माणूस तिथं जाड पट्टी लावून घेतो. १९८४ च्या सगळ्याच टाक्यांना ती नसायची.

मुरूमवाल्या भावांना एवढंच सांगेन की टाकी जागेवर भरणं हा मार्ग आहे, कॉलमखाली आलेली टाकी आपण काढू शकत नाही तेव्हा तो घ्यावाच लागतो. पण आधी साफ, मग गॅस फ्री, मग पातळ काँक्रीट किंवा वाळूचा घोळ वरपर्यंत, पोकळी न ठेवता, आणि नकाशावर नोंद. गाळावर मुरूम ओतणं म्हणजे लोणच्याच्या बरणीला झाकण लावणं. मुरते ते आत.

दस्त_आणि_सातबारा (१९ मार्च)

डिपरॉड काकांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. वकिली करतो, जमिनींचीच.

तुम्हाला टाक्या माहीत आहेत, ही बाब आता लपवता येणार नाही, आणि लपवूही नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५: जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या नजरेला दिसणार नाही, तो सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य. जमिनीखालच्या टाकीपेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही. मुरूम भरून वर काँक्रीट मारलं तर उद्या कोर्टात ते काँक्रीटच तुमच्या विरुद्ध साक्ष देईल.

"जशी आहे तशी" विकली असं दस्तात लिहिलं की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. ते तुमच्या आणि गिऱ्हाईकाच्या मध्ये. शेजाऱ्याच्या विहिरीत तेल उतरलं तर शेजारी त्या दस्ताला बांधील नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नियम २३ आहे, कचरा ज्याच्या ताब्यात होता तो पर्यावरणाच्या आणि त्रयस्थाच्या नुकसानीला जबाबदार. प्रदूषण करणाऱ्यानं भरावं हे तत्त्व सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या निकालांत पक्कं केलंय. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही आहे, आणि आपल्याला पुण्याचं खंडपीठ जवळ. वर २०२५ च्या जुलैत दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आलेत. जुन्या जागांकडं आता त्या नजरेनं बघितलं जाणार.

म्हणून करायचं एवढंच: काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो, डिपचे आकडे, गॅस फ्रीचे दाखले, मॅनिफेस्ट, माती-पाण्याचे लॅब रिपोर्ट, भंगाराची पावती, लायसन्स परत केल्याचं पेसोचं, म्हणजे एक्स्प्लोझिव्ह खात्याचं, पत्र. हे सगळं खरेदीखताला परिशिष्ट म्हणून जोडा. गिऱ्हाईकाला पूर्ण सांगून, त्याची सही घेऊन विका. पुढं त्याच्या बांधकामाचा पाया खणताना काही निघालं तर कोणत्या तारखेला जमीन कशी होती, याचा पुरावा तुमच्याकडं राहील.

फर्नेस ऑइलच्या टाकीचं लायसन्स फायलीत नसेल तर घाबरू नका. त्या वर्गाच्या तेलाला ४५ हजार लिटरपर्यंत लायसन्स लागत नाही. कचऱ्याचे नियम मात्र तिलाही तितकेच.

भाडेकरूशी केलेला करार शोधा. भट्टीची टाकी त्याची की तुमची, हे त्यात लिहिलेलं असू शकतं.

उचगावचा_बोअर (१९ मार्च)

दुसरी बाजू पण लिहितो. आमच्या घराच्या वरच्या अंगाला एक पंप होता, कुठला ते सांगत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. आई म्हणायची, तांब्या विसळला तरी रॉकेलचा वास जात नाही. प्लंबर म्हणाला, मोटरचं ग्रीस असेल. मोटर काढली, नवी टाकली, वास तसाच. पावसाळ्यात कमी, मार्चला परत. शेवटी लॅबमध्ये दिलं तेव्हा डिझेल निघालं. आमच्या आणि त्या पंपाच्या मध्ये दोन घरं आहेत, त्यांच्या बोअरला काहीच नाही. आपल्याकडं खाली काळा पाषाण, त्याच्या भेगेभेगेतून तेल कुठं जाईल सांगता येत नाही. सहा वर्षं टँकरचं पाणी प्यालो. भरपाईचं अजून चालूच आहे. शेडवाले, तुमच्या शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी आधी तपासा. त्यांना सांगून तपासा.

शेडवाला_शिरोली (२० मार्च)

सगळ्यांचे आभार. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. तो रागावला, "लई शिकलेले लोक भेटले तुम्हाला," म्हणाला. शेजारचे आबा विहिरीचं पाणी द्यायला लगेच तयार झाले. उलट त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं का नाही विचारलंस?" मला उत्तर देता आलं नाही. काम झालं की लिहितो.

शेडवाला_शिरोली (२९ मे)

काम झालं. मंडळाला पत्र, पेसोच्या साइटवरचे अर्ज आणि चकरा यात महिना गेला, प्रत्यक्ष काम सहा दिवसांचं.

काकांचा अंदाज बरोबर. पहिल्या टाकीत ६२ सेंटिमीटर पाणी आणि वर बोटभर डिझेल. दुसरीत, म्हणजे पुरात हललेल्या टाकीत, फक्त चिखल, पंचगंगेचा. फर्नेस ऑइलच्या टाकीतला गाळ ओढायला दोन दिवस लागले, वाफारा देऊन पातळ करायला लागला. पहिल्या दिवशी मीटरनं खरंच शून्य दाखवलं. मोजायला आलेल्या माणसानं आधी ऑक्सिजन बघितला, तो ४ टक्के होता, आणि त्यानं मान हलवली. ब्लोअर लावून परत मोजल्यावर तेच मीटर वाजायला लागलं. बघून माझ्या पायांतलं बळ गेलं. भंगारवाल्याबरोबर दोन पोरं येणार होती, एक त्याचा पुतण्या.

आणि काका, पहिली टाकी हायड्रानं वर उचलली तेव्हा मी वाकून तळ बघितला. डिप पाइपच्या बरोब्बर खाली, पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा झिजून पातळ झालेली आणि मध्ये करंगळी जाईल एवढं भोक. वडील रोज सकाळी सहाला रॉड टाकायचे. मी लहान असताना रॉड पुसायचं फडकं माझ्या हातात असायचं.

त्या भोकाखालची माती काळी, चिकट, वास मारणारी. हललेल्या टाकीचा एल्बो पण सुटलेलाच होता, तिथंही तसंच. खणत गेलो तसा साडेचार मीटरवर पाषाण लागला, तिथवर माती काढली. साधारण तीन ट्रॉल्या भरतील. तळाचे आणि चारी बाजूंचे नमुने काचेच्या बरण्यांत, बर्फाच्या पेटीत लॅबला गेलेत. आबांच्या विहिरीचा रिपोर्ट आला, तेल नाही. देवाची कृपा.

आता प्रश्न त्या काळ्या मातीचा. काल वळीव जोरात झाला. ढीग शेडमध्ये आहे, पण शेडला एका बाजूनं भिंत नाही. एकजण वीटभट्टीला घेऊन जातो म्हणतोय.

डिपरॉड (२९ मे)

वीटभट्टीला नाही. खाली जाड प्लॅस्टिक, वर ताडपत्री, कडेला वाळूच्या पोत्यांचा बांध, आजच्या आज. चांगली माती त्यात मिसळू देऊ नका, उगाच ढीग वाढेल आणि खर्चही. लॅबचा आकडा आला की मंडळाला दाखवा. जास्त असेल तर रांजणगाव, कमी असेल तर मातीत जिवाणू घालून जागेवर शुद्ध करण्याचा पर्याय ते सुचवतील. तो कचरा ठरला तर जागेवर ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून तारीख फळ्यावर खडूनं लिहून ठेवा.

खड्डा उघडा ठेवू नका. पाऊस भरला की तेच पाणी पाषाणाच्या भेगांत उतरेल. लॅबनं तळ स्वच्छ म्हणून दिला तरच मुरूम टाका. नसेल तर पंप लावून उपसत राहा, उपसलेलं पाणी टँकमध्ये धरा.

आणि तो भोकाचा तुकडा कापून घेतला का? वकीलसाहेबांना लागेल.

शेडवाला_शिरोली (३० मे)

घेतला. धुऊन, फोटो काढून फायलीत ठेवलाय. ताडपत्री रात्रीच टाकली, आबा कंदील धरायला आले होते.